मागं वळून बघणारी बाई

आमच्या फिल्मची सुरुवातीची दोन मिनिटं चौघांनी मिळून केली, अशी अक्षरं पडद्यावर येतात. माझं नाव त्यात तिसरं आहे, 'संकलन' या शब्दापुढं. ती अक्षरं मीच टाइप केली, मीच पडद्यावर सरकवली, आणि तरीही आज कुणी ती क्लिप फोनवर लावली की माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी बीडच्या एका कॉलेजात माध्यमांचा कोर्स करत होते. शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांची फिल्म करायची होती, पण सरांनी आधी फक्त सुरुवात मागितली होती. "पहिली दोन मिनिटं दाखवा. तेवढ्यात माणूस खुर्चीत टिकला तर पुढचं बघू," असं ते म्हणायचे. ज्या गटाची सुरुवात सगळ्यात चांगली, ती गॅदरिंगला मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. चिठ्ठ्या टाकून गट पडले. आमच्या गटात चौसाळ्याचा एक मुलगा होता. घरची बागायती, वडील पुढारी आणि स्वतःचा कॅमेरा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसा ज्याचा कॅमेरा तो दिग्दर्शक. यावर चर्चासुद्धा झाली नाही. बीडातल्या एका वकिलाची मुलगी लिहिणार होती. केजकडचा एक अबोल मुलगा आवाज रेकॉर्ड करणार होता. संकलन माझ्याकडं आलं, कारण कॉलेजच्या लॅबमधला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता.

विषय वकिलाच्या मुलीनं सुचवला. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता ती म्हणाली, "ऊसतोड घेऊ या. ऊसतोड घेतली की नंबर येतोच." भाजी घेतल्यावर वर कोथिंबीर मागावी, तसा तिचा सूर होता. त्यावर दिग्दर्शक म्हणाला, "पप्पांच्या ओळखीतले लई मुकादम हायेत. एखादी टोळी मिळवून देतील."

माझा राग सुरू झाला तो इथं. तीन वर्षं मी यांच्या बाकावर बसत होते, आणि माझे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जातात, हे यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'शेती' म्हणायचे, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं; दीड एकर आहे आमची. पण 'टोळी मिळवून देतील' हे ऐकून माझा तोल गेला. मी म्हणाले, "मिळवायची कशाला? आमचं घर हाय की. आई-आबा पुढच्या आठवड्यात निघणार हायेत."

 आणि मग ती तिघं माझ्याशी इतक्या आदरानं बोलायला लागली, की त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दिग्दर्शकानं त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे दिले. आधी कधी दिले नव्हते.

लिंबागणेशच्या पुढं आमचं गाव. शनिवारी एसटीनं घरी गेले आणि आईला विचारलं. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. "माझं काय बघायचं हाय लोकाला? भांडी घासती ते?" असं म्हणून ती हसली. मी तिला समजावलं की वेगळं काही करायचं नाही. निघताना दरवर्षी जे करतेस तेच कर. घर बंद कर, कुलूप लाव आणि ट्रॉलीत जाऊन बस. आम्ही लांबून काढू. ती जरा विचारात पडली, मग म्हणाली, "काढा मग. पन एकदाच. कुलूप लावून मी निघाले की मागं वळायची न्हाई, अन् कुनी मागून हाक मारायची न्हाई. तुझ्या दोस्तायला नीट सांगून ठेव."

आमच्याकडं हे असंच आहे. सहा महिन्यांसाठी घर सोडायचं, तर उंबरा ओलांडल्यावर परत आत जायचं नाही आणि वळून बघायचं नाही. काही विसरलं तर शेजारपाजारचं कुणीतरी आणून देतं. एका वर्षी आबा नादात अनवाणीच बाहेर पडले. चप्पल दारातच राहिली, पण ते वळले नाहीत. ट्रॅक्टरपर्यंत काट्याकुट्यातून गेले आणि चुलतभाऊ चपला हातात घेऊन मागून पळत आला. याचं कारण विचारलं तर कुणी नीट सांगत नाही. "मागं बघितलं की पाय निघत न्हाई," एवढंच आई म्हणते. माझ्या मते तेवढं कारण पुरे आहे.

ही गोष्ट मी गटाला सांगितली नाही. सांगायचं ठरवूनच सोमवारी बीडला आले होते. पण त्याच दिवशी वर्गात वकिलाच्या मुलीनं अंधश्रद्धेवरचा तिचा लेख वाचून दाखवला. त्यात मांजर आडवं जाणं होतं, शिंक होती, 'कुठं' विचारू नये हे होतं. सगळे हसत होते. मीही हसले. मग म्हटलं, एकदाच तर शॉट घ्यायचाय, कशाला आपल्या घरचं अडाणीपण चव्हाट्यावर मांडा?

आईनं मात्र तिच्या बाजूनं जय्यत तयारी केली. लेकीच्या पिक्चरात सगळ्यात आधी मीच दिसणार हाय, असं तिनं सगळ्या टोळीत सांगून टाकलं. बायका तिला चिडवून चिडवून थकल्या. "आता फडात हिच्यासाठी खुर्ची टाका," म्हणे. आईला ते चिडवणं आवडत होतं. उसात बांगड्या टिकत नाहीत म्हणून निघताना ती कधी नव्या भरत नाही. त्या वर्षी तिनं हिरव्या बांगड्या भरल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सातला तिघं दोन मोटरसायकलींवर आली. ट्रॅक्टर नऊला येणार होता. आईनं चूल सारवली, पिठाचा डबा घासून उपडा घातला, देवापुढं दिवा लावला, माठ रिकामा केला. आवाजवाला मुलगा माइक घेऊन मुकाट्यानं तिच्या मागं मागं फिरत होता. दिग्दर्शक अंगणात खुर्ची टाकून, कॅमेरा स्टँडवर लावून सूचना देत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. आमची खरी शेळी मात्र बरोबर त्याच्या फ्रेमच्या मधोमध बांधलेली होती. मी सोडायला गेले तर म्हणाला, "राहू दे गं, गावाकडचा फील येतो."

ट्रॅक्टर आला. आबांनी बोचकी, ताडपत्री आणि बांबू ट्रॉलीत चढवले. आईनं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. किल्ली शेजारणीच्या हातात दिली. उरलेलं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. लहानपणी या वेळी मी एकतर आधीच ट्रॉलीत बसलेली असायचे, नाहीतर शाळेसाठी मागं राहिले म्हणून रडत असायचे. त्यामुळं आई घर कशी सोडते, हे नीट बघायची माझी ती पहिलीच वेळ होती. तिचा हात कुलपावर किंचित जास्त वेळ राहिला. बस, तेवढंच.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. मग आवाजवाल्याकडं बघून, "अर्धा शॉट फोकस शेळीवरच राहिला बे." आणि मग मोठ्यानं, "काकू, अजून एकदा करा ना. दारापासून."

आई चालत राहिली.

"ओ काकू, थांबा की. एकच मिनिट."

आई थांबली, पण वळली नाही. ट्रॉलीतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मुकादमानं हॉर्न वाजवला. दिग्दर्शक माझ्याकडं वळून म्हणाला, "सांग ना तुझ्या आईला. एवढं पेट्रोल जाळून आलोत आमी."

आणि मी हाक मारली. "आई, ये ना गं परत. एकदाच."

मला त्या पोराचा संताप येतो, त्याच्या पेट्रोलचा येतो, त्या शेळीचासुद्धा येतो. पण हाक माझी होती. सगळ्या टोळीदेखत, पोटच्या पोरीची. आई जमिनीकडं बघत म्हणाली, "मागून हाक मारू न्हाई. तुला ठावं हाय की." आणि गेली. एका बाईनं हात देऊन तिला ट्रॉलीत चढवून घेतलं. ती पुढं तोंड करून बसली. ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत मला तिची पाठच दिसत होती. आबांनी हात केला, तिनं नाही केला.

लॅब अकरा ते चार उघडी असायची. पुढच्या आठवड्यात मी तो शॉट पुन्हा पुन्हा बघितला. पहिली पन्नास सेकंदं शेळी इतकी स्वच्छ दिसत होती, की तिच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत. मागं एक हिरवट डाग हलत होता, ती माझी आई. पण कुलपाला हात लावला तिथून ती लख्ख दिसत होती. आणि आवाजवाल्या मुलानं सकाळपासूनचा सगळा आवाज न तोडता घेतला होता. मग मी असं केलं: सुरुवातीला पडदा काळा. चित्र काहीच नाही, फक्त आवाज. चुलीवरून फिरणारा ओला हात, डबा उपडा घातल्याचा, काडी ओढल्याचा, माठातलं पाणी ओतल्याचा, मधूनमधून बांगड्या. मग दार ओढल्याचा आवाज येतो आणि कुलपाबरोबर चित्र उघडतं. दोनदा ओढलेलं कुलूप, किल्ली, गाठोडं आणि चालत गेलेली बाई. ती वळत नाही. ट्रॅक्टरचा आवाज विरेपर्यंत कॅमेरा बंद दारावरच राहतो.

गटाला दाखवलं. आवाजवाला मुलगा वर्षभरात चार वाक्यं बोलला असेल, तो म्हणाला, "हे लई भारी झालंय." मला इतका आनंद झाला होता, की पुढचं ऐकायला मी तयारच नव्हते.

"पण बाई वळतच न्हाई," दिग्दर्शक म्हणाला. "चेहरा कुठं हाय? रडतीय का काय करतीय, कळाया नको?"

"आमच्यात वळत नसतात," मी म्हणाले.

"पण बघणाऱ्याला ते कसं माहीत असणार?" वकिलाची मुलगी म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, "तुझी आई आहे ना, म्हणून तुला तसं वाटतंय."

त्या हातासाठी मी तिला कधी माफ करणार नाही. मला चित्र कळत नाही, मला फक्त आई कळते, असं ती सांगत होती. तीन वर्षं हिच्या कविता मी शुद्धलेखन तपासून दिल्या होत्या, तेव्हा माझी नजर चालत होती. जिथं मला सगळ्यात जास्त माहिती होती, नेमकं तिथंच माझं मत बाद.

प्रकरण सरांकडं गेलं. त्यांनी दोनदा बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रामाणिक आहे. पण काळजाला हात घालत नाही. सहा महिन्यांसाठी घर सोडून जाणारी बाई एकदा तरी मागं वळून बघेल ना?" झालं. जी गोष्ट आमच्या गावातली एकही बाई करत नाही, ती सरांना हवी होती. आणि सर शहाणे, म्हणून बायका चूक.

नवीन शूटिंग चौसाळ्याला, दिग्दर्शकाच्या मळ्यात झालं. गड्यांसाठीची एक खोली रिकामी होती, ती आमचं घर झाली. नाट्यविभागातली पहिल्या वर्षाची एक मुलगी आई झाली. तिला नऊवारी नेसवली. आमच्या गावात आता नऊवारी नेसणाऱ्या दोन म्हाताऱ्या उरल्यात, हे मी सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. बीडच्या बाजारातून आणलेलं कुलूप आरशासारखं चमकत होतं. ती मुलगी दाराला कपाळ टेकायची, भिंतीवरून हात फिरवायची, चार पावलं चालायची, थांबायची आणि डोळ्यांत ग्लिसरीन घालून मागं वळायची. सात टेक झाले. सात वेळा तिनं घर सोडलं आणि सात वेळा परत येऊन चहा प्यायली. तिच्यावर माझा राग नाही. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, बरोबर करतेय ना मी?" आणि मी हो म्हणाले होते.

नव्या कुलपाचा आवाज खेळण्यातल्यासारखा येत होता. मग दिग्दर्शकाला सुचलं, "काकूंच्या कुलपाचा आवाज टाक की याला. तो मस्त आलाय." आवाजवाल्या मुलानं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि फाइल दिली. आईचा चेहरा नको, चालणं नको, तिचं कुलूप मात्र चाललं. ते मी माझ्या हातानं त्या मुलीच्या हाताखाली बसवलं, फ्रेम मोजून, एका फ्रेमचाही फरक पडू दिला नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कसा असतो ते मला त्या दुपारी कळलं. उठून जाता आलं असतं. गेले नाही, कारण मार्क माझेही होते.

वर नावांची माळ. दिग्दर्शकाचे वडील 'प्रेरणास्थान', त्यांचे साहेब 'आशीर्वाद', मग मार्गदर्शक, मग सहकार्य, प्रत्येकापुढं 'मा.' लावून, आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नवरानवरी शोधावी लागतात, तसं झालं. मी म्हणाले, शेवटी आईचं नाव टाकू, विशेष आभार म्हणून. दिग्दर्शकानं खरोखर आश्चर्यानं विचारलं, "पण त्यांचा शॉट कुठं हाय आता यात?"

गॅदरिंगला ती बाई मागं वळली तिथं टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला. प्रमुख पाहुणे दिग्दर्शकाचे वडीलच होते. त्यांनी मायमाउल्यांच्या दुःखावर पाऊण तास भाषण केलं आणि आम्हा चौघांना शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी लॅबच्या कपाटात ठेवून आले. क्लिप तासाभरात सगळ्यांच्या फोनवर होती.

चार दिवसांत ती टोळीतही पोचली. तिथं काय झालं ते मला त्याच टोळीतल्या चुलतीनं नंतर सांगितलं. दुपारच्या जेवणाची वेळ होती. उसाच्या पाचटावर बायका एका फोनभोवती बसल्या. आईनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग जवळ सरकली. बघून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "तू कुठं हायस गं यात?" आई म्हणाली, "पुढं आसंल." पुढं काही नव्हतं, दोनच मिनिटं होती. तिनं परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाली, "ठेवा फोन, ऊन चढलं," आणि कोयता घेऊन उठली.

फोनवर ती मला यातलं एक अक्षर बोलली नाही. आणि तिला काढलंय, हे मीही तिला आधी सांगितलं नव्हतं. दर रविवारी आम्ही जेवलीस का, पाणी मिळतं का, शेजारणीकडं ठेवलेली शेळी कशी आहे, एवढंच बोलायचो.

उन्हाळ्यात टोळी परत आली. दुसऱ्या दिवशी आई चुलीपुढं भाकरी करत होती, मी शेजारी बसले होते. पीठ मळता मळता तिनं विचारलं, "माझं काय चुकलं गं त्यात?"

क्लिप बघितल्यापासून ती हे घेऊन ऊस तोडत होती. आपल्याच हातून काही चुकलं म्हणून आपल्याला काढलं, असं समजून.

"तुझं काई न्हाई चुकलं," मी म्हणाले, आणि साठलेलं सगळं बाहेर काढलं. शेळीवरचा फोकस, खांद्यावरचा हात, सर, नऊवारी, सात टेक, पुढाऱ्याचं भाषण. बोलताना माझा आवाज चढला होता. ती ऐकत होती, मधूनच लाकूड आत सारत होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पन मी वळत न्हाई हे म्हाईत आसून त्या पोरानं हाक कावून मारली?"

मी परातीतलं पीठ बोटानं गोळा करायला लागले.

"तू सांगितलं नव्हतंस त्यायला."

"न्हाई."

"कावून?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं ती उलटली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मला लाज वाटली, असं मी म्हणाले. कशाची, हे तिनं विचारलं नाही.